यंत्रातला कोनाडा

दिवाळी जवळ आली की आमच्या घरात दोन गोष्टी हमखास बाहेर निघतात. एक माळ्यावरचा पसारा आणि दुसरी माझ्या स्वभावातील दोष. पहिली शिडीवरून खाली येते, आणि दुसरी शिडी धरून उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडून. शिडीवर मी असतो आणि शिडी धरायला सौ. असते; त्यामुळे तोंड चुकवून उतरून जावे म्हटले तरी सोय नसते. "हे कशाला ठेवलंय?" हा तिचा प्रश्न आणि "असू दे, लागतं कधीतरी" हे माझे उत्तर. आमच्या डोंबिवलीच्या घरात हा संवाद लग्नापासून दरवर्षी होत आला आहे. त्यात नवे काही नसते, पण तो झाल्याशिवाय दिवाळी आली असे वाटत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्यानंतरच्या रविवारी मात्र या संवादात चिरंजीवांनी भाग घेतला. चिरंजीव पुण्याला संगणकाच्या नोकरीत आहेत, म्हणजे यंत्रांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात अखेरचा मानला जातो. माळ्यावरून मी एक काळी पेटी खाली दिली. तिच्यात माझा जुना लॅपटॉप होता. २००४ साली ऑफिसच्या सोसायटीचे कर्ज काढून घेतलेला. वजन तीन किलोच्या घरात. त्या काळी तो खांद्याला लावून लोकलमध्ये चढणे म्हणजे व्यायामच होता.

"बाबा, हा आता भंगारात द्या," चिरंजीव म्हणाले.

"असू दे, लागतो कधीतरी," मी सवयीने म्हणालो.

"कशाला?"

या प्रश्नाला मला उत्तर नव्हते. ते त्याच पेटीच्या तळाशी होते. तिथे पिवळ्या पडलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेला हातात मावेल असा व्हिडिओ कॅमेरा होता आणि त्याच्याबरोबर काडेपेटीहून थोड्याच मोठ्या पाच टेप्स. २००२ साली चिरंजीवांच्या मुंजीसाठी मी तो कॅमेरा घेतला होता. चार टेप्सवर मुंज आणि सहली. पाचवीवर माझ्याच अक्षरात लिहिले होते : "दिवाळी २००४ – आई – अनारसे."

शिडीखाली एकदम शांतता झाली. आईला जाऊन तेव्हा सतरा वर्षे झाली होती.

इथे ताईबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. माझी ताई नाशिकला असते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. स्वयंपाकात तिचा हात धरणारे आमच्या नात्यात कोणी नाही. पण अनारशांनी मात्र तिला जन्मभर दगा दिला. आईचे अनारसे कधी हसले नाहीत आणि ताईचे कधी हसायचे थांबले नाहीत. कढईत सोडला की अनारसा फसकन पसरायचा, आणि ताई झारा खाली ठेवून म्हणायची, "आईचं काय निराळं होतं, ते तिच्याबरोबरच गेलं बघ." अलीकडे तिला ऐकूही कमी येऊ लागले आहे. त्याच वर्षी गणपतीत फोनवर ती मला म्हणाली होती, "अरे, आईचा चेहरा फोटोत तरी दिसतो. पण तिचा आवाज मला आता आठवेनासा झालाय." त्यावर काय बोलावे ते न सुचून मी पावसापाण्याचा विषय काढला होता.

आता तो आवाज माझ्या तळहातावर होता. फक्त तो बाहेर काढायचा होता. मी मनाशी ठरवून टाकले, की या भाऊबिजेला ताईच्या ओवाळणीत दुसरे काही घालायचे नाही.

कॅमेऱ्याची बॅटरी केव्हाच मेली होती. पण भिंतीतल्या विजेवर तो सुरू झाला. बोटभर पडद्यावर आमचे जुने स्वयंपाकघर दिसले, परातीवर वाकलेली आई दिसली आणि चार सेकंदांत सगळ्या चित्राचे चौकोनी तुकडे होऊन पडदा निळा झाला. आवाज तर आलाच नाही, कारण कॅमेऱ्याचा स्पीकर गेलेला. टेप पुन्हा बाहेर येताना आतले मोटर असे काही कण्हले की माझ्या पोटात गोळा आला. हे यंत्र आता फार दिवसांचे सोबती नव्हते.

स्टेशनरोडवरच्या एका स्टुडिओत गेलो. तिथल्या तरुणाने टेप उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "काका, हे वाजवणारं मशीन आम्ही कधीच विकून टाकलं." मग चिरंजीवांनी मला अडचण समजावून सांगितली, आणि ती मला समजली तशी वाचकांनाही सांगतो.

या छोट्या टेपवर चित्र साठवलेले असते ते आकड्यांच्या रूपात. कॅमेऱ्याच्या पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी टीव्हीला जोडल्या तर चित्र दिसते खरे, आणि त्या वायरी घेणारे स्वस्त यंत्रही बाजारात मिळते. पण त्या वाटेने आकडे येत नाहीत, आकड्यांवरून पुन्हा रंगवलेले चित्र येते. जणू मूळ दस्तऐवज हाती असताना त्याचा फोटो काढून फोटोची प्रत करावी. टेपवरचे आकडे जसेच्या तसे उतरवून घ्यायचे तर कॅमेऱ्याला दुसरे एक चिमुकले भोक असते, त्यातूनच घ्यावे लागतात. त्या जोडणीचे नाव फायरवायर. १९९५ साली तिचे प्रमाण ठरले आणि पुढची दहा-पंधरा वर्षे ती पुष्कळ चालली. आता नव्या लॅपटॉपला ती नसते.

"तुझ्या लॅपटॉपला काय काय आहे?" मी विचारले.

चिरंजीवांनी आपला लॅपटॉप दाखवला. वहीसारखा सडपातळ, दिसायला देखणा. त्याला एका बाजूला दोन बारीक भोके होती आणि दुसऱ्या बाजूला काहीही नव्हते. पेन ड्राइव्ह लावायचा, टीव्ही लावायचा किंवा कॅमेऱ्यातले कार्ड वाचायचे, तर त्या भोकाला एक शेपूट लावावे लागते आणि त्या शेपटाला पुढे चार तोंडे असतात. त्याला चिरंजीव हब म्हणतात. ते घरी विसरले की चिरंजीव ऑफिसात हात चोळीत बसतात. या शेपटांच्या दुकानातही फायरवायरचे शेपूट सरळ मिळेना. एकाला दुसरे आणि दुसऱ्याला तिसरे जोडायचे, आणि इतके करून ते त्यांच्या यंत्रावर चालेलच याची खात्री नाही, असे ते म्हणाले.

मी काही बोललो नाही. पण जुना लॅपटॉप पुसता पुसता माझे बोट त्याच्या डाव्या कडेवरच्या एका फटीवर अडले. फटीत प्लॅस्टिकचा एक पोकळ तुकडा बसवलेला होता. धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यातूनच घातलेला. शेजारचे बटन दाबले तसा तो तुकडा टुणकन बाहेर आला. आणि मला आठवले, की २००६ साली मोबाइल कंपनीचे इंटरनेटचे कार्ड मी याच फटीत घालीत असे. त्याचा अँटेना उभा केला की गाडीतही टपाल वाचता येते, याचा मला त्या काळी केवढा अभिमान होता!

वाचकहो, या फटीचा इतिहास तसा मनोरंजक आहे. लॅपटॉप निघाले तेव्हा पहिली अडचण अशी होती, की टेबलावरच्या मोठ्या संगणकाचे पोट उघडून त्यात हवे ते कार्ड बसवता येई, पण या मिटणाऱ्या पेटीत जागाच नव्हती. आणि प्रत्येक कारखानदार आपापल्या मापाची फट ठेवू लागला तर गिऱ्हाइकाने जायचे कुठे? तेव्हा १९८९ साली अमेरिकेत कारखानदारांनी मिळून एक संघ काढला. हेतू हा, की कार्ड कोणाचेही असो आणि लॅपटॉप कोणाचाही असो, एकाचे दुसऱ्यात बसले पाहिजे. संघाच्या नावाची आद्याक्षरे झाली पीसीएमसीआयए. हे उच्चारताना जिभेची गाठ बसे, म्हणून थट्टेखोरांनी त्या अक्षरांचा दुसराच विग्रह केला : संगणकवाल्यांची आद्याक्षरी नावे माणसाला पाठ होत नाहीत! अखेर संघानेच शहाणपण करून पीसी कार्ड हे सुटसुटीत नाव घेतले.

कार्डाचे माप ठरले बँकेच्या कार्डाएवढे, म्हणजे ८५.६ मिलिमीटर लांब आणि ५४ मिलिमीटर रुंद. जाडीचे तीन प्रकार : ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर. सुरुवातीला या फटीत केवळ आठवण वाढवणारी कार्डे बसायची. पण १९९१ च्या सुधारणेने फटीचे भाग्य उघडले. त्यात मोडेम बसू लागले, ऑफिसच्या नेटवर्कच्या वायरी बसू लागल्या, पुढे वायफाय आले. १९९५ साली कार्डबस नावाची अधिक वेगवान जात निघाली. जुनी कार्डे तिच्या फटीत चालत, मात्र नवे कार्ड जुन्या फटीत शिरूच नये म्हणून त्याच्या कडेला खाच निराळी ठेवली. २००३ साली एक्सप्रेसकार्ड निघाले आणि त्याने मापच बदलले. हळूहळू सगळी कामे लॅपटॉपच्या पोटात शिरली किंवा यूएसबीच्या भोकाला लटकली, आणि फट नाहीशी झाली. २००९ पर्यंत तो संघही आटोपला.

माझ्या आजोळी कोकणात मातीच्या भिंतींना कोनाडे होते. भिंत बांधतानाच गवंडी ते ठेवायचा. त्यात पणती ठेवायची, पानाचा डबा ठेवायचा की आजोबांचा चष्मा, हे गवंड्याने ठरवलेले नसे. राहणाऱ्याला काहीतरी ठेवावेसे वाटेल एवढेच तो जाणून असे. माझ्या लॅपटॉपच्या कडेचा हा कोनाडा अठरा वर्षे रिकामा होता. आता त्यात काय ठेवायचे ते मला कळले.

दुसऱ्याच शनिवारी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. संगणकाची एखादी वस्तू जगात कुठे मिळत नसेल तर ती इथे कोणाच्या तरी माळ्यावर असते, अशी या रस्त्याची ख्याती आहे. पहिल्याच दुकानात "फायरवायरचं कार्ड, लॅपटॉपच्या फटीत घालायचं," म्हणून सांगितले. मालकाने तत्परतेने कोरे पाकीट काढून दिले. मीही तितक्याच तत्परतेने पैसे मोजले. घरी येऊन कार्ड फटीत घातले, तर धाकट्या भावाने थोरल्याचा सदरा घालावा तसे ते आत इकडून तिकडे सरकू लागले. ते एक्सप्रेसकार्ड होते, ३४ मिलिमीटर रुंदीचे. नुसत्या मापाचा प्रश्न असता तर मी कागदाची घडी घालूनही भागवले असते. पण दोघांचे आतले दातच निराळे. पीसी कार्डाच्या फटीत ६८ टाचण्या असतात आणि एक्सप्रेसकार्डाला संपर्क २६. दोघांची बोलीच वेगळी.

परत गेलो. दुकानात माझ्या डोक्यावरच पाटी होती, विकलेला माल परत घेतला जाणार नाही अशी. सकाळी ती मला कशी दिसली नाही कोण जाणे. मालकाने पाटीकडे बोट दाखवले, पण माझ्या चेहऱ्याकडे पाहून एक पत्ताही सांगितला : मागच्या गल्लीत, जिन्याखाली.

जिन्याखाली एक वृद्ध गृहस्थ जुन्या लॅपटॉपच्या कळफलकांच्या चवडीत बसले होते. मी कहाणी सांगितली. त्यांनी बिस्किटांचा एक मोठा डबा ओढला. त्यात, पत्त्यांचे जोड विस्कटून टाकावेत तशी कार्डेच कार्डे.

"लॅपटॉप कुठल्या सालचा?"

"२००४."

"मग कार्डबस चालेल. ही पट्टी बघा." त्यांनी कार्डाच्या तोंडाशी असलेली सोनेरी पट्टी दाखवली. तिच्यावर बारीक उंचवट्यांची ओळ होती. "ही पट्टी असली की कार्डबस. नसली की त्याच्या आधीचं." मग भिंग लावून आतल्या चिपचे नाव शोधू लागले. दोन कार्डे बाजूला टाकून तिसरे माझ्या हाती दिले. "याच्यात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप आहे. कॅमेऱ्यांचं तिच्याशी पटतं." कार्ड आणि त्याची केबल मिळून साडेतीनशे रुपये झाले. निघताना म्हणाले, "सरळ घाला. टाचण्या कार्डात नाहीत, तुमच्या लॅपटॉपात आहेत. जोर केलात आणि एक वाकली, तर कार्ड दुसरं मिळेल, फट मिळणार नाही."

आणि त्या टाचण्यांविषयी त्यांनी जे सांगितले ते मी जन्मात विसरणार नाही. त्या ६८ टाचण्या सारख्या लांबीच्या नसतात. विजेच्या आणि जमिनीच्या टाचण्या सर्वांत लांब, म्हणून कार्ड आत सरकताना त्यांची गाठ आधी पडते. निरोप नेणाऱ्या टाचण्या त्याहून आखूड. आणि "कार्ड आले" अशी वर्दी देणाऱ्या सर्वांत आखूड. म्हणजे पाहुण्याला आधी घोटभर पाणी मिळते, मग बोलणे सुरू होते, आणि तो नीट टेकला म्हणजेच आत घरात वर्दी जाते. कार्ड काढताना हेच उलट. वर्दी आधी तुटते, वीज शेवटी. चालत्या यंत्रात कार्ड घालता-काढता यावे म्हणून कोणा इंजिनियराने मिलिमीटरच्या अंशाअंशाचा एवढा विचार केला होता! मी त्या जिन्याखालीच त्याला मनोमन नमस्कार केला.

घरी आल्यावर कार्ड फटीत ठेवले आणि अंगठ्याने हलकेच लोटले. शेवटच्या दोरीभर अंतरावर किंचित विरोध झाला आणि मग ते बसले. लॅपटॉपने दोन सुरांत "आलं" म्हणून सांगितले. त्यावर विंडोज एक्सपी होते. त्याला या कार्डाची ओळख आधीपासूनच होती, नवे काही शिकवावे लागले नाही. हे एक्सपी आता पेन्शनीत निघालेले आहे; २०१४ च्या एप्रिलपासून त्याची देखभाल बंद आहे. म्हणून चिरंजीवांची सक्त ताकीद होती, की या म्हाताऱ्याला इंटरनेटच्या वाऱ्यालासुद्धा उभे करायचे नाही. मी त्याप्रमाणे वागलो.

कॅमेऱ्यात आधी साफ करणारी टेप दहा सेकंद फिरवली. तालमीसाठी मुंजीची टेप लावली. चित्र आले! अखंड, स्वच्छ चित्र. एक तासाची टेप उतरायला एक तासच लागतो. त्यात घाई चालत नाही. तासाला सुमारे १३ गिगाबाइट जागा खाते. माझ्या लॅपटॉपची सबंध कोठी ४० गिगाबाइटची, तीही निम्मी भरलेली. तेव्हा एक टेप उतरवायची, ती बाहेरच्या डिस्कवर नेऊन ठेवायची आणि मग दुसरी, असे ठरले.

आणि मी माती खाल्ली. पहिली टेप अर्ध्यावर असताना दारावरची बेल वाजली. उठताना केबल पायात आली, ती सोडवायच्या गडबडीत मी बटन दाबले आणि कार्ड सबंध बाहेर काढले. आधी पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुणेवर जाऊन "आता काढतो" असे यंत्राला सांगायचे असते. टाचण्यांच्या लांबीने वीज सांभाळली जाते, पण चालू असलेले काम सांभाळायचे माणसाने असते. भरल्या ताटावरून पाहुण्याला उठवले तर यजमानाची जी अवस्था होईल ती लॅपटॉपची झाली. पडदा थिजला. अर्ध्या तासाची मुंज हवेत गेली. टेपवरची मूळ मुंज शाबूत होती म्हणून बरे. पण हीच गोष्ट पाचव्या टेपच्या वेळी झाली असती आणि त्याच वेळी कॅमेऱ्याने राम म्हटला असता तर, या विचाराने मला दरदरून घाम फुटला.

म्हणून पाचवी टेप लावली ती रात्री जेवणे उरकल्यावर. दाराला कडी लावली, बेलचा खटका बंद केला आणि केबल खुर्चीच्या पायाला बांधून टाकली.

सुरुवातीला घंटानाद व्हावा तशी परात वाजली. मग आईचा आवाज आला.

सौ. ओट्याशी भांडी लावीत होती. ती ओल्या हातांनी बाहेर आली, आणि सासूबाईंचा आवाज ऐकून, अंगावर साडी नसताना, तिचा हात पदर सारखा करायला खांद्यावर गेला. मी ते पाहिले न पाहिलेसे केले.

आई सांगत होती. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, पाणी रोज बदलायचे. फडक्यावर पसरून दमट असतानाच कुटायचा, चाळायचा. गूळ, चमचाभर तूप. मग गोळा डब्यात दाबून ठेवायचा. "किती दिवस?" असा माझा तरुण आवाज कॅमेऱ्यामागून आला. "निदान आठ. तुझी ताई दोन दिवसांत डबा उघडते. पिठाला घाई झाली की ते हसतंच." मग खसखशीवर थापणे, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडणे, उलटायचे नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचे. आणि नेमका अनारसा कढईत पडणार, तेवढ्यात कॅमेरा खिडकीकडे वळला. खाली अंगणात चिरंजीव फुलबाज्या उडवीत होते. पुढची तीन मिनिटे पडद्यावर फुलबाज्या होत्या आणि आईचा नुसता आवाज. त्या आवाजात ती म्हणाली :

"नीट घेतोयस ना रे? नाशिकला जाशील तेव्हा ताईला दाखव हे. तिचे हसतात."

मी तसाच बसून राहिलो. ही टेप आठवण म्हणून घेतली होती असे मी इतकी वर्षे समजत होतो. तो निरोप होता. आईने माझ्या हाती दिलेला साधा घरगुती निरोप, आणि तो मी वीस वर्षे माळ्यावर टाकून दिला होता. त्या दिवाळीला नाशिकला जाताना कॅमेरा न्यायचा राहिला असेल, पुढच्या वेळी विसरलो असेन, मग आई गेली. भंगारवाला आठ दिवस आधी आला असता तर?

सौ. म्हणाली, "अहो, कार्ड तसंच ओढू नका हं. आधी सांगा त्याला." तिच्या तोंडून माझ्या स्वभावाचा एकही दोष त्या रात्री निघाला नाही.

चिरंजीवांना हे सारे फोनवर सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "बाबा, असा लॅपटॉप आता पुन्हा निघालाय." २०२१ साली अमेरिकेत फ्रेमवर्क नावाच्या कंपनीने एक लॅपटॉप आणला आहे. त्याच्या कडांना चार कोनाडे आहेत, आणि प्रत्येकात आगपेटीसारखे छोटे चौकोनी कार्ड सरकवून बसवायचे. आज टीव्हीची जोडणी हवी तर ते कार्ड, उद्या कॅमेऱ्याचे कार्ड वाचायचे तर ते, जादा साठवण हवी तर तिचे. आत सगळ्यांची बोली एकच, यूएसबी सी. बाहेरचे तोंड तेवढे निराळे. शेपटे लोंबत नाहीत आणि एखादे तोंड बिघडले तर सबंध लॅपटॉप उघडायला नको, तेवढे कार्ड बदलले की झाले. जुनी पीसी कार्डे अर्थात त्यात बसणार नाहीत. पण गवंड्याची विद्या पुन्हा कोणाला तरी आठवली याचे मला बरे वाटले.

तोवर ज्यांच्या माळ्यावर माझ्यासारखी पेटी असेल त्यांनी एवढेच करावे. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी लॅपटॉपच्या कडा पाहाव्यात. ५४ मिलिमीटर रुंदीची फट असेल तर ती पीसी कार्डाची असेल किंवा एक्सप्रेसकार्डाचीही. म्हणून आत बॅटरीचा उजेड पाडून पाहावे. बारीक टाचण्यांच्या दोन लांब रांगा दिसल्या तर पीसी कार्ड. लॅपटॉपचा चार्जर वेगळा फेकू नये. टेप्स उतरवायच्या असतील तर यंदाच उतरवाव्यात. टेपपेक्षा कॅमेरा आधी जातो. आणि त्यांच्यावर काय लिहिले आहे ते चष्मा लावून वाचावे.

भाऊबिजेला नाशिकला गेलो. तिथेही एक फजिती व्हायची होती, ती चिरंजीवांनी टाळली. १३ गिगाबाइटची फाइल पेन ड्राइव्हवर जाईना. जागा भरपूर होती, पण त्या पेन ड्राइव्हची मांडणी जुन्या पद्धतीची, तीत ४ गिगाबाइटहून मोठे गाठोडे मावत नाही. त्यांनी तो नव्याने मांडून दिला.

ओवाळून झाल्यावर मी तबकात पेन ड्राइव्ह ठेवला. "हे काय?" ताई म्हणाली. मी टीव्हीला लावला आणि आवाज सबंध मोठा केला. ताईने खुर्ची टीव्हीच्या जवळ ओढली, चांगला ऐकू येणारा कान पुढे केला आणि डोळे मिटून घेतले. मी इकडे तिकडे पाहत राहिलो. "नाशिकला जाशील तेव्हा" आले तेव्हा तिने डोळे उघडले. पडद्यावर फुलबाज्या होत्या.

"अरे मेल्या," ताई म्हणाली, "कढई दाखवायची सोडून फुलबाज्या काय दाखवतोस?"

आणि तिने डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाली, "पुन्हा लाव. पहिल्यापासून."

त्या दिवशी आम्ही ती तीन वेळा लावली. चौथ्या वेळी ताई मध्येच उठून आत गेली. मला वाटले, तिला सोसले नसेल. जाऊन पाहतो तो ती फडताळातून तांदळाचा डबा काढीत होती.

तुळशीच्या लग्नानंतर तिचा फोन आला. डबा तिने आठव्या दिवशी उघडला होता. घाण्यातले दोन हसले, बाकीचे शहाण्यासारखे राहिले.

जुना लॅपटॉप आता माळ्यावर नाही. माझ्या टेबलाच्या खणात असतो. कार्ड मी काढून जिन्याखालच्या गृहस्थांनी दिलेल्या पाकिटात ठेवले आहे आणि फटीत तो प्लॅस्टिकचा पोकळ तुकडा पुन्हा बसवला आहे. यंदा सौ.ने शिडी धरताना विचारले, "हे कशाला ठेवलंय?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "असू दे. लागतं कधीतरी."